वरातीमागून प्रशिक्षण

सरकारी शाळेत संगणक येतो तेव्हा खोका येतो, थर्मोकोल येतो, पावती येते आणि फोटोसाठी पाहुणे येतात. उद्यापासून जो माणूस तो वापरणार, त्याचे प्रशिक्षण मागाहून येते.

कित्येकदा येतच नाही.

हा क्रम ठरवला कुणी? खरेदीला निविदा लागते, निविदेला तारीख लागते, तारखेच्या मागे आर्थिक वर्ष उभे असते. ३१ मार्चच्या आत यंत्र विकत घेता येते. शिक्षक ३१ मार्चच्या आत तयार होत नाही. मग पैसा कुठे जाणार?

कर्नाटकाच्या बिदर जिल्ह्यातले औराद, कमलनगर, भालकी, बसवकल्याण. कलबुर्गीतला आळंद. महाराष्ट्र सीमेलगतच्या या पट्ट्यात सरकारी मराठी शाळा आहेत, शेजारी कन्नड आणि उर्दू शाळाही आहेत. स्मार्ट वर्ग, संगणक खोली, टॅब यांची घोषणा तिन्ही माध्यमांसाठी होते. पण यंत्र शाळेत उतरल्यावर त्यावर हक्क कोणाचा? पुरवठादाराचा वॉरंटीपुरता, लेखापालाचा नोंदवहीपुरता, मुख्याध्यापकाचा कुलपापुरता.

शिकवणाऱ्याचा सर्वांत शेवटी.

रोग जुना आहे. १९८४ मध्ये केंद्र सरकारने ‘क्लास’ नावाचा प्रकल्प काढला आणि अडीचशे शाळांत ब्रिटनचे बीबीसी मायक्रो संगणक धाडले. त्यानंतर योजनांची नावे बदलली, पडदे सपाट झाले, तारा गेल्या आणि वायफाय आले. पण आधी यंत्र आणि मग माणूस, हा क्रम चार दशके जागचा हलला नाही.

आजचा हिशेब पाहा. समग्र शिक्षा योजनेत शाळेच्या संगणक खोलीसाठी एकदाच ६.४० लाख रुपयांपर्यंत आणि पुढे दरवर्षी २.४० लाखांपर्यंत अनुदान मिळू शकते. दरवर्षी म्हणजे पाच वर्षे. सहाव्या वर्षी यूपीएसची बॅटरी गेली, की ती कोणाच्या पैशाने बदलायची?

उत्तर नसते. मग खोलीला कुलूप लागते.

आणि कुलूप लावणाऱ्या मुख्याध्यापकाला दोष देण्यात अर्थ नाही. संगणक चोरीला गेला किंवा जळाला तर चौकशी त्याचीच. वापरलाच नाही तर त्याला कोणी काही विचारत नाही. नियमच असे असतील तर शहाणा माणूस काय करील?

देशाचे आकडे मात्र वाढत आहेत. शाळांची माहिती ठेवणाऱ्या केंद्राच्या युडायस नोंदीप्रमाणे २०२३-२४ मध्ये ५७.२ टक्के शाळांत संगणक होते, २०२४-२५ मध्ये ६४.७ टक्के. इंटरनेट ५३.९ वरून ६३.५ टक्क्यांवर गेले. वाढ खरी आहे, हवीच होती. त्याच नोंदीत शिक्षकाच्या संगणक प्रशिक्षणाचाही रकाना आहे. तिथे उत्तर द्यायचे हो किंवा नाही असे.

सोमवारी दुसऱ्या तासाला त्या शिक्षकाने संगणकावर अपूर्णांक शिकवले का, याला रकाना नाही.

आता विचारा, या जिल्ह्यांच्या शाळांत अगदी वेळेवर पोचलेले आणि नीट चाललेले तंत्रज्ञान कोणते? परीक्षेच्या खोलीतला कॅमेरा. २०२४ मध्ये कर्नाटकाने दहावीची परीक्षा कॅमेऱ्यांच्या थेट प्रक्षेपणाखाली घेतली. आदल्या वर्षी राज्याचा निकाल ८३.८९ टक्के होता. तो ७३.४० वर आला. तोही वाढीव गुणांची सवलत दुप्पट केल्यावर.

कॉपीला आळा बसला, हे उत्तमच झाले. कॉपीवर उभा असलेला निकाल मुलाची फसवणूकच करतो. २०२५ मध्ये कलबुर्गी जिल्हा राज्यात तळाला होता, ४२.४३ टक्के. त्याच परीक्षेत दक्षिण कन्नड जिल्हा ९१.१२ टक्क्यांवर. कॅमेरे दोन्हीकडे होते.

मग फरक कुठे होता? तो परीक्षेच्या आधीच्या दहा महिन्यांत होता. त्या दहा महिन्यांत वर्गात कोण होते, किती पदे भरलेली होती, शिकवणाऱ्याच्या हातात काय होते, हे पाहायला कॅमेरा लावलेला नव्हता.

परीक्षा पकडायला यंत्रणा एका वर्षात उभी राहते. शिकवायला का नाही?

दुसरे उदाहरण ताजे आहे. २०२५ च्या २२ सप्टेंबरपासून कर्नाटकात सामाजिक आणि शैक्षणिक सर्वेक्षण झाले. घरोघर गेले ते शिक्षक. हातात मोबाईल, मोबाईलमध्ये ॲप, दारावर विजेच्या मीटरशी जोडलेले स्टिकर, घरच्या माणसाकडून ओटीपी. नेटवर्क मिळेना म्हणून शिक्षक गच्चीवर चढले, ओटीपी येईना म्हणून दारात ताटकळले. काम लांबले आणि सरकारी-अनुदानित शाळांची दसऱ्याची सुटी १८ ऑक्टोबरपर्यंत वाढवावी लागली.

ज्या शिक्षकांना ‘तंत्रज्ञान जमत नाही’ असे दरवर्षी ऐकवले जाते, त्यांनीच हे ॲप राज्यभर चालवले.

म्हणजे शिक्षकाला तंत्रज्ञान शिकवता येते. सरकारला हवे असेल तेव्हा.

शिक्षकाचा मोबाईल एकदा हातात घेऊन पाहा. राज्याच्या सॅट्स पोर्टलवर मुलांची माहिती, युडायसवर शाळेची माहिती, दुपारच्या जेवणाचा रोजचा आकडा, गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या (बीईओ) कार्यालयाच्या व्हॉट्सॲप गटावर ‘तातडीने कळवा’. फोन त्याचा, डेटा त्याचा, चार्जर त्याचा. एवढे सगळे यंत्रातून वर जाते. वर्गासाठी यंत्रातून खाली काय येते?

पुढचा तातडीचा संदेश.

पन्नाशीच्या शिक्षकाला आता काय नवे जमणार, असेही म्हटले जाते. पन्नाशीचे सर नातवाला यूट्यूब लावून देतात, बँकेचे काम फोनवर करतात, पगाराची स्लिप स्वतः उतरवून घेतात. न जमण्याचे कारण वयात शोधणे सोपे आहे, कारण तसे केले की कोणालाच काही करावे लागत नाही. खरे कारण वेळापत्रकात आहे. आठवड्यात एक मोकळा तास नाही, ज्यात तो धडा आधी लावून पाहील, चुकेल, पुन्हा लावील.

सराव न करता कोणता कारागीर तयार झाला?

प्रशिक्षणाच्या दिवसाकडे या. बंगळुरूहून निघालेला विषय डाएटमध्ये, म्हणजे जिल्ह्याच्या शिक्षण व प्रशिक्षण संस्थेत येतो, तिथून तालुक्याला, तालुक्याहून क्लस्टरला. प्रत्येक पायरीवर तास कमी होतात, यंत्रे कमी होतात, सांगणाऱ्याची खात्री कमी होते. शेवटच्या पायरीवर एक प्रोजेक्टर असतो, समोर खुर्च्या असतात आणि संगणक वापरायला शिकणारे शिक्षक संगणकाला हात न लावता घरी जातात. उपस्थितीची सही मात्र तीनदा होते.

ऑनलाइन प्रशिक्षण आले तेव्हा ही गळती थांबेल असे वाटले होते. ‘निष्ठा’ ही केंद्राची शिक्षक प्रशिक्षण योजना २०१९ च्या ऑगस्टमध्ये सुरू झाली, सुमारे ४२ लाख शिक्षकांसाठी. २०२० च्या ऑक्टोबरपासून ती ‘दीक्षा’ या सरकारी ऑनलाइन मंचावर गेली, अठरा भाग घेऊन. काय झाले हे स्टाफरूममधल्या प्रत्येकाला माहीत आहे. व्हिडिओ चालू ठेवायचा, वह्या तपासायच्या, शेवटी प्रश्नमंजूषा सोडवायची, प्रमाणपत्र उतरवायचे.

शिक्षक आळशी म्हणून हे झाले का? ज्या प्रशिक्षणानंतर कोणी वर्गात येऊन बसत नाही, काय अडले ते विचारत नाही, त्यात प्रमाणपत्राखेरीज दुसरे मिळवण्यासारखे उरते काय?

२०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने प्रत्येक शिक्षकाला वर्षाला पन्नास तासांचे प्रशिक्षण सांगितले आहे. हेतू चांगला. पण तास मोजायला लागले की तासच वाढतात.

आता भाषेकडे. कर्नाटक आपली पाठ्यपुस्तके सात भाषांत छापते आणि मराठी त्यातली एक आहे. सीमेच्या भांडणात हे कोणी मोकळेपणाने सांगत नाही, म्हणून सांगितले पाहिजे. भालकीच्या मुलाला राज्य सरकार त्याच्या भाषेत गणिताचे पुस्तक देते.

पुस्तक सात भाषांत. शिक्षकाचे प्रशिक्षण किती भाषांत?

सीमेवरच्या मराठी शिक्षकाला कन्नड समजते. सभेत बोलता येते, परिपत्रक वाचता येते. अडचण पुढची आहे. प्रशिक्षणात पाहिलेला कन्नड धडा त्याने मराठी वर्गात न्यायचा कसा? ‘छेद’ आणि ‘अंश’ शिकवायला हाताशी मराठी व्हिडिओ कोणता, मराठी टंकन कसे करायचे, चाचणी मराठीत कशी तयार करायची? हे त्याला कुणी दाखवले तर तो उद्या वापरील. नाही दाखवले तर तो फळ्याकडे वळेल, आणि फळा त्याला दगा देणार नाही.

उर्दू शाळेतल्या बाईंचा प्रश्न अगदी हाच आहे. दोघांनी एकत्र मागितले तर आवाज मोठा होईल. मागतात का?

कर्नाटकाला हे काम येत नाही असे मुळीच नाही. गेल्या दशकात डीएसईआरटी या राज्याच्या शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण संस्थेने विषय शिक्षकांचा मंच चालवला. विज्ञान, गणित, समाजशास्त्राच्या शिक्षकांना संगणकावर बसवले, जिओजेब्रासारखी मुक्त सॉफ्टवेअर हाती दिली, आणि त्यांच्याकडून अध्ययन साहित्य तयार करून घेऊन ते सर्वांसाठी खुले ठेवले. दुसऱ्याचे साहित्य लावून दाखवणाऱ्या शिक्षकाला त्यांनी स्वतः साहित्य करणारा शिक्षक बनवले. देशात याची दखल घेतली गेली. ते साहित्य मुख्यतः कन्नड आणि इंग्रजीत झाले.

त्या मंचात मराठी माध्यमाचे वीस शिक्षक वेगळे बसवले असते तर आज औरादला बंगळुरूकडे बघत बसावे लागले नसते.

बरे, मराठी साहित्य जगात नाही का? ढीगभर आहे. बिदरहून सुटलेली गाडी भालकी, कमलनगर करत महाराष्ट्रातल्या उदगीरला जाते. उदगीरच्या शाळेत बालभारतीचे क्यूआर कोड आहेत, दीक्षावर महाराष्ट्र मंडळाखाली मराठी व्हिडिओ आहेत, ‘तंत्रस्नेही शिक्षक’ म्हणवणाऱ्यांची एक पिढी तिथे २०१५ नंतर तयार झाली आहे. कमलनगरच्या शिक्षकाने फोनवर मंडळ बदलले की हे सगळे त्याच्यासमोर उघडते. कोणी अडवत नाही, पैसे पडत नाहीत.

मग अडते कुठे? पुस्तक जुळत नाही. धड्यांचा क्रम वेगळा, उदाहरणे वेगळी, इतिहासाची प्रकरणे वेगळी, कधी पारिभाषिक शब्दही वेगळे. महाराष्ट्राच्या सातवीतला एक व्हिडिओ कर्नाटकाच्या सहावीतल्या धड्याला चालेल, दुसरा मुळीच चालणार नाही. हे ठरवायला दोन्ही पुस्तके वाचलेला, मुले ओळखणारा माणूस लागतो.

असा माणूस बंगळुरूत नाही. पुण्यात नाही. तो कमलनगरच्या शाळेत आहे, आणि सध्या तो दुपारच्या जेवणाचा आकडा भरतो आहे.

२०२० च्या जुलैत याची परीक्षाच झाली होती. कोविडमुळे शाळा बंद होत्या. कर्नाटकाने चंदना वाहिनीवर आठवी ते दहावीसाठी ‘संवेद’ हे धडे सुरू केले. महाराष्ट्रात त्याच महिन्यात सह्याद्रीवर पहिली ते आठवीची ‘टिलीमिली’ मालिका लागली. बसवकल्याणच्या मराठी शाळेतल्या मुलाने काय पाहायचे? एका वाहिनीवर राज्य आपले, पण भाषा दुसरी. दुसऱ्या वाहिनीवर भाषा आपली, पण पुस्तक दुसरे. आजची टिलीमिली आपल्या कोणत्या धड्याला लागते, हे सांगणारा कागद प्रत्येक मराठी शाळेला हवा होता. तो शिक्षकच करू शकत होता.

ते काम कुणी त्याला दिले नाही. ऑगस्टमध्ये कर्नाटकाचा ‘विद्यागम’ हा कार्यक्रम आला आणि शिक्षक मुलांपाशी गेले, देवळाच्या ओसरीवर, झाडाखाली. ऑक्टोबरमध्ये तोही थांबवावा लागला. त्या थोड्या आठवड्यांत मात्र एक गोष्ट दिसली. शिक्षक समोर आला की मुले आली.

शिक्षकाने पुढे होऊन काय करावे याचा नमुना शोधायला अमेरिकेला जायची गरज नाही. आळंदहून सीमा ओलांडली की सोलापूर जिल्हा लागतो. तिथल्या माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले २००९ मध्ये रुजू झाले. मुलांची घरची भाषा कन्नड, पुस्तक मराठी. ते कन्नड शिकले. पुस्तकांना क्यूआर कोड जोडले, त्यामागे मुलांना कळेल असे ध्वनी आणि चित्र ठेवले. २०१७ मध्ये महाराष्ट्राने कोडची कल्पना राज्यभर उचलली, पाठोपाठ एनसीईआरटीने. ३ डिसेंबर २०२० ला त्यांना दहा लाख डॉलरचा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला आणि त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांत वाटली.

पुरस्कारावर बोलून झाले असेल तर क्रमाकडे बघू या. आधी मूल कुठे अडते ते दिसले, मग भाषा शिकणे आले, मग कोड आला. यंत्र तिसऱ्या क्रमांकावर.

मराठी राज्यातला शिक्षक कन्नड मुलांसाठी हे करतो. कन्नड राज्यातल्या मराठी मुलांसाठी हे करू पाहणाऱ्याला कोण वेळ देतो, कोण सही देतो, कोण म्हणतो ‘करा, मी पाठीशी आहे’?

आणि पुरस्कारानंतरचेही लक्षात ठेवा. २०२२ मध्ये डिसले यांच्या फुलब्राइट शिष्यवृत्तीसाठीच्या रजेवरून वाद झाला, हजेरीबद्दल आक्षेप घेतले गेले, अखेर शिक्षणमंत्र्यांना लक्ष घालावे लागले. कोण किती बरोबर हे बाजूला ठेवा. वर्गाबाहेर काम करणाऱ्या, इतर शिक्षकांना पुढे नेणाऱ्या शिक्षकासाठी आपल्या सेवानियमांत जागाच नाही, हे त्यातून उघड झाले. असा शिक्षक नियमात बसवायचा तर त्याला सवलत द्यावी लागते, आणि सवलत दिली की तक्रार येते.

जागा करणे अवघड आहे का? केरळने केली. २००१ मध्ये तिथे ‘आयटी ॲट स्कूल’ सुरू झाले, २०१७ मध्ये त्याची ‘काइट’ ही संस्था झाली. तिथे प्रशिक्षण देणारे मास्टर ट्रेनर शाळेतलेच शिक्षक असतात. हायस्कुलात एका शिक्षकाकडे आयटी समन्वयकाचे काम अधिकृतपणे असते. संगणकावर मुक्त सॉफ्टवेअर असते, त्यामुळे परवान्याचा खर्च नाही आणि सगळे आपल्या भाषेत करून घेता येते. २०१८ पासून ‘लिटल काइट्स’ नावाने मुलांचे गट आहेत. वर्गातल्या यंत्राची देखभाल तेही करतात.

हायस्कुलातल्या मुलीने प्रोजेक्टर जोडला म्हणून केरळात आभाळ कोसळले नाही. आपल्याकडे तिला त्या खोलीत जाऊ देतात का?

केरळकडे पैसा आहे, असे कोणी म्हणेल. बिदर आणि कलबुर्गी ज्यात येतात त्या कल्याण कर्नाटकाला २०१३ पासून घटनेच्या ३७१(जे) कलमाचे संरक्षण आहे, स्वतंत्र विकास मंडळ आहे, त्याला दरवर्षी मोठा निधी मिळतो. पैसा खोल्यांवर जातो, फरशीवर जातो, यंत्रांवर जातो. गरज त्यांचीही आहे. पण या निधीतून मराठी आणि उर्दू माध्यमाच्या शिक्षकांसाठी वर्षभराचे मार्गदर्शन उभे करायला कोणत्या कलमाने मनाई केली आहे?

इमारतीला कोनशिला बसवता येते. तयार शिक्षकाला नाही.

यंत्र पुरेसे असते, असे मानणाऱ्यांनी पेरूकडे पाहावे. त्या देशाने मुलांसाठी आठ लाखांहून जास्त स्वस्त लॅपटॉप घेतले. २०१२ मध्ये ३१९ शाळांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. भाषा आणि गणितात फरक दिसला नाही. याच लॅपटॉपची भारतातली सुरुवात २००७ मध्ये रायगड जिल्ह्यातल्या खैराटच्या छोट्या शाळेत झाली होती. तिथे उत्साह दिसला तो शिक्षक त्यात मनापासून उतरला म्हणून. पेरूने लॅपटॉप वाटले, मन वाटता आले नाही.

युनेस्कोच्या २०२३ च्या जागतिक अहवालाने तंत्रज्ञान कोणाच्या अटींवर वापरायचे हाच प्रश्न विचारला. शिक्षकाला काय यायला हवे याची मानके जगातल्या निम्म्या देशांतच आहेत, असेही त्यात आहे. म्हणजे हा आजार एकट्या आळंदचा नाही. पण इलाज आळंदलाच करावा लागेल.

आता नवी वरात निघाली आहे. केंद्राने २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये जाहीर केले, की २०२६-२७ पासून तिसरीच्या वर्गापासून कृत्रिम बुद्धिमत्ता येणार. येऊ द्या. पण ज्याने हे शिकवायचे त्याची तयारी केव्हा? यंत्राने मराठीत चुकीचे उत्तर दिले, तर ‘हे चूक आहे’ असे मुलांसमोर ठामपणे म्हणायचे धाडस आणि माहिती शिक्षकाकडे हवी. बटण दाबायला मूल त्याच्या आधी शिकेल.

यंत्राला नकार कधी द्यायचा, याचे प्रशिक्षण कोणत्याही वेळापत्रकात नाही. सगळ्यात आधी तेच हवे.

नेतृत्व म्हणजे तरी काय? प्रशिक्षणाला जाऊन आलेला शिक्षक शेजारच्या वर्गातल्या बाईंना म्हणाला, ‘मॅडम, हा धडा मी असा घेतला, या ठिकाणी फसला, तुम्ही असा घेऊन बघा.’ एवढे. त्यासाठी फसल्याचे सांगता आले पाहिजे. आपल्या क्लस्टरच्या समालोचन सभेत सीआरपी, म्हणजे क्लस्टरचे साधन व्यक्ती, यशोगाथा मागतात आणि शिक्षक यशोगाथा देतात. अडले कुठे, हे विचारणारी सभा एकदा घेऊन पाहा. ती वेळेत संपणार नाही.

अतिथी शिक्षकांचे काय? गावोगावच्या सरकारी शाळा त्यांच्यावर चालतात. पुढच्या वर्षी आपण इथे असू का, हे त्यांना ठाऊक नसते. प्रशिक्षणाच्या यादीत नाव घालायचे तर आधी कायम शिक्षक. मग वर्गात रोज उभा असणारा तरुण, ज्याला संगणक सहज येतो, तो बाहेर आणि निवृत्तीला सहा महिने उरलेले सर आत. हे कोणाच्या फायद्याचे?

मुलांच्या नक्कीच नाही.

बिदरकरांना शिक्षकाची किंमत कुणी सांगायची गरज नसावी. गावात महमूद गवानचा मदरसा उभा आहे. १४७२ चा. ग्रंथालयात तीन हजार हस्तलिखिते होती असे सांगतात. पण त्या इमारतीचे नाव दूरवर गेले ते तिथे दूरदेशांहून आणून बसवलेल्या विद्वानांमुळे. त्यांच्या राहण्याची, जेवण्याची, शिकवण्याची सोय त्याच आवारात केली होती. पुढे स्फोटात इमारतीचा मोठा भाग गेला आणि उरलेली पाहायला आज पर्यटक येतात.

साडेपाचशे वर्षांपूर्वी बिदरमध्ये शिक्षकाची सोय आधी होत होती.

आज काय करता येईल? फार मोठे काही नको. बिदर आणि कलबुर्गीच्या डाएटने मराठी माध्यमाच्या शिक्षकांसाठी मराठीतून गट चालवावा. एकदाच भरून संपणारा नको, वर्षभर चालणारा हवा. लातूर आणि सोलापूरच्या डाएटमधले जाणकार बोलवावेत. त्यासाठी दोन मुख्यमंत्र्यांची भेट लागत नाही, दोन प्राचार्यांचा फोन लागतो. कडगंचीला आळंद रस्त्यावर केंद्रीय विद्यापीठ आहे, तिथे उद्याचे शिक्षक घडवता येतात. त्यांना या शाळांत महिनाभर बसवा. दोघांचेही शिकणे होईल.

गटाचे पहिले काम ठरलेले आहे. कर्नाटकाच्या मराठी पुस्तकाचा कोणता धडा आणि त्याला चालणारे मराठीतले कोणते साहित्य, याची इयत्तावार यादी. करणारे शिक्षक, नाव त्यांचे, आणि त्या कामाचे तास त्या पन्नास तासांत धरायचे. एकदा ही यादी झाली की औरादच्या एकशिक्षकी शाळेतही ती फोनवर पोचते. मग यंत्र चालू करायला कारण मिळते.

यूपीएसच्या बॅटरीइतका पैसा शाळेच्या हातात ठेवा आणि खर्चाचा निर्णय शिक्षकाला घेऊ द्या. चुकेल तो. कार्यालये चुकत नाहीत का?

पालकांनाही काम आहे. शाळा विकास व व्यवस्थापन समितीच्या (एसडीएमसी) पुढच्या बैठकीत स्मार्ट बोर्ड केव्हा येणार हे विचारू नका. संगणक खोलीची किल्ली कोणाकडे असते, गेल्या महिन्यात ती किती वेळा उघडली, दुरुस्तीचा पैसा कोणाच्या सहीने मिळतो आणि आमच्या सरांचे मराठीतून प्रशिक्षण कोणत्या तारखेला आहे, हे विचारा. ‘लवकरच’ असे उत्तर आले तर ते इतिवृत्तात लिहून घ्या आणि खाली बीईओंची सही मागा.